माबोनची भिंत

३ ऑक्टोबर १८८७
आलो एकदाचे डोंगरावरच्या या स्वतःच्या घरात. बाराव्या वर्षी खाणीत पाटीचा दगड फोडायला लागलेला एलिस प्रोसर आज स्वतःच्या चुलीपुढे ताक-बटाटे ओरपून ढेकर देतोय. बायकोला, लाउरीला, नववा महिना लागलाय. तिचा पलंग उबेसाठी जाड भिंतीला लावून दिला. एकच खटकलं. आमच्याकडे माणसाला घराच्या नावानं हाक मारतात, आणि मला मात्र सगळे नुसतं 'वरचा' म्हणतात. घराचं नाव विचारलं की समोरचा गडी हवापाण्याच्या गप्पांवर येतो.

९ ऑक्टोबर
पण माझे कान तिखट. नदीकाठी माबोनचा उतार, मग माबोनची विहीर, माबोनचा गोठा. म्हाताऱ्यांना तंबाखू देत एकेक नाव काढलं. सगळी एका ओळीत डोंगर चढून माझ्या दारात थांबतात. जुन्या दस्तात शेवटचं सापडलं: माबोनची भिंत. माबोन हा येशूच्याही आधीचा आमचा देव. तीन रात्रींचा असताना आई आणि भिंत यांच्यामधून चोरीला गेला, दगडी कोठडीत रडत राहिला. नाव पाटीवर स्वतः कोरलं, फाटकावर ठोकलं. आता बघू कसे 'वरचा' म्हणतात.

१२ ऑक्टोबर
नेस्ता सुईण फाटकातच थबकली. म्हणाली, "एलिस बाबा, हे नाव आम्ही विसरलो नव्हतो, टाकलं होतं. जिथं जिथं त्याचं नाव आहे, तिथं तिथं त्याला कोंडून बघितलंय. इथं तो गप्प बसला होता."
मी विचारलं, देवाला वाचता येतं का बाई. ती हसली नाही. नाव परत मिळालं की तो आपल्या जागी दुसऱ्याचं पोर ठेवून बाहेर निघतो, एवढंच बोलली.

१९ ऑक्टोबर
दुपारी मुलगा झाला. आवाज असा की खाणीपर्यंत जावा. नेस्ता म्हणते पलंग आत्ताच भिंतीपासून ओढ, तीन रात्री तरी. लाउरी दमलीय. उद्या ओढू.

२० ऑक्टोबर
भिंतीत खरवड. उंदीर नव्हेत.
पाटी फोडली. पलंग ओढला. सरपण घेऊन आलो तर परत भिंतीला. लाउरी म्हणते, हललाच कधी?

२२ ऑक्टोबर, सकाळ
तीन रात्री झाल्या. पोर रडत नाही. टक लावून बघतं — माणसानं माणसाकडे बघावं तसं. लाउरी म्हणते, किती शहाणं.
रडणं भिंतीतून येतंय. तिला ऐकू येत नाही. मला येतं. माझंच पोर आहे ते.

दुपार
नेस्ताला निरोप धाडला. येत नाही. छिन्नी घेतली.

एक दगड निघाला. आत काळोख, आणि ऊब. हात घातला — इवलीशी मूठ — बोट धरलंय. सोडवत नाही. मीही सोडणार नाही. हे डाव्या हातानं लिहितोय.
कुशीतलं लाउरीच्या कानाशी लागलंय. ती उठली. दगड उचललाय तिनं. लाउरी, बाई, हात आहे माझा — आपलं पोर आहे आत — ती बसवतेय दगड, ती