चंद्रावर न उतरलेला तिसरा

९ जुलै २०२५, बुधवार

माझ्या जुन्या शाळेतून फोन. मुख्याध्यापिका आरजू मॅडम. "सर, चंद्रदिनानिमित्त मुलांसमोर बोलाल का? शनिवारी, एकोणीसला." लगेच हो म्हणालो. निवृत्तीला सोळा वर्षं झाली, तरी कुणी बोलावतंय म्हणून बरं वाटलं.

फोन ठेवला आणि शिवबाई आठवली. बरं वाटणं तिथंच संपलं.

१० जुलै

लिहूनच टाकतो.

१९९४. माणूस चंद्रावर उतरला त्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून जिल्ह्याची वक्तृत्व स्पर्धा होती. शाळेतर्फे नववीतली शिवबाई जाणार होती. सांगोल्याकडच्या मेंढपाळाची मुलगी, सोलापुरात मामाकडे राहून शिकायची. भाषण तिनं स्वतः लिहिलेलं. चंद्रावर उतरलेल्या दोघांवर चार ओळी, आणि तिसऱ्यावर – कॉलिन्सवर – चांगली दोन पानं! दोघं खाली असताना तो एकटा यान घेऊन चंद्राभोवती फिरत होता. दर फेरीला चंद्राच्या पलीकडे गेला की पाऊण तास पृथ्वीशी बोलणं बंद. खालच्यांचं यान वर उठलंच नाही, तर त्याला एकट्यानं परतावं लागणार होतं. हे सगळं तिनं वाचनालयात बसून शोधलेलं.

मी लाल पेनानं दोन्ही पानं खोडली. भर वर्गात म्हणालो, "विषय 'पहिलं पाऊल' आहे. ज्यानं पाऊलच ठेवलं नाही त्याचं कौतुक कशाला?" वर्ग हसला.

ती म्हणाली, "पर सर, त्यो वर थांबला नसता तर ती दोघं घरी कशी आली असती?"

"उलट बोलतेस?" म्हणालो. तिचं नाव काढून दुसऱ्या मुलीचं घातलं.

दिवाळीनंतर शिवबाई शाळेत आली नाही.

१२ जुलै

भाषण चार वेळा लिहिलं. तिसऱ्यापाशी आलं की पेन अडतं.

१३ जुलै

आरजू मॅडमना शिवबाईचा पत्ता विचारला. त्यांनी जुन्या रजिस्टरातून तिच्या गावाचं नाव काढून दिलं. आता न जाण्याला सबब उरली नाही.

१५ जुलै, मंगळवार

जाऊन आलो. सांगोल्यापर्यंत एसटी, पुढं रिक्षा. शिवबाई डाळिंबाच्या बागेत फांद्यांना काठ्यांचा आधार देत होती. पंचेचाळिशीची, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"सर? तुमी? हितं कुटं?"

चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोललो. मग वर्गातलं सगळं काढलं आणि माफी मागितली. तिनं चहा कपात ओतून माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाली, "मामा म्हनले हुते, नंबर आनलास तर धावी करवतो. न्हायतर मेंढरं हाईतच."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुमी नाव काढल्यावर काय बोलनार, सर?"

आवाजात राग नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

मग तिनंच विचारलं, "त्या तिसऱ्याचं पुढं काय झालं?"

म्हणालो, "नव्वद वर्षं जगला. चार वर्षांपूर्वी गेला. वर एकटेपणा वाटला नाही, असं सांगायचा."

"हातात काम असलं की न्हाय वाटत," ती म्हणाली. "मला ठावं हाय."

निघताना स्वतः स्कूटीवर स्टँडला सोडलं. "मनाला लावून घिऊ नका, सर. शब्दानं शब्द वाढला. मीबी उलट बोललेच की."

मान हलवली आणि एसटीत चढलो.

१९ जुलै

भाषण झालं. दोघांवर पाच मिनिटं, बाकी सगळा वेळ तिसऱ्यावर. शेवटी शिवबाईची गोष्ट तिच्या नावानिशी सांगितली. टाळ्या. आरजू मॅडम म्हणाल्या, "चूक अशी कबूल करायला मोठं मन लागतं, सर."

घरी आलो. जेवण गेलं नाही.

२० जुलै

या वहीतही खोटंच लिहिलं. शिवबाई उलट बोलली म्हणून नाव काढलं नव्हतं. काढायचं आदल्या दिवशीच ठरवलं होतं, मी फक्त निमित्त शोधत होतो. ती दुसरी मुलगी म्हणजे माझी लेक गिरिजा. तिचा नंबर काही आला नाही.

शिवबाईनं माफ केलं ते भलत्याच गोष्टीसाठी. आणि मी ती माफी घेऊन आलो.