पिवळी बाटली

९ जानेवारी

झालं एकदाचं! अन्नय्याच्या प्रोस्टेटमधून तपासणीसाठी सुईनं बारा तुकडे काढले — तेही मागच्या वाटेनं. साठ वर्षांचा माझा थोरला भाऊ मांड्या फाकवत बाहेर आला. "हसलास तर खेटर हाणीन, नागय्या!" दोघं पायरीवर बसून खिदळलो.

आत डॉक्टर किरीटींनी विचारलं होतं, "अलीकडे जंतू मारायचं काही औषध घेतलंत? नीट आठवा. सुईबरोबर आतड्यातले जंतू रक्तात जातात. ते औषधाला सरावलेले असले तर सुईआधीची माझी गोळी चालायची नाही." अन्नय्यानं माझ्याकडे बघितलं. दारात कंपाउंडर उभा — झुंजीतला आमचा वैरी कोटय्या, त्याचा सख्खा भाचा! संक्रांतीच्या झुंजीला पाच दिवस उरलेत. झुंजीआधी कोंबड्याच्या पोटात काय जातं ते बाहेर बोलायचं नाही, ही बापाची शिकवण. आणि कोटय्याच्या माणसासमोर बोलू? मीच म्हणालो, "छे! आमच्या घरात औषध शिरत नाही."

कोंबडा पेंगला की त्याला कोंबड्यांच्या औषधाच्या पिवळ्या बाटलीतले दहा थेंब. आपण शिंकलो की आपल्याला झाकणभर. सहा वर्षं चाललंय. काय बिघडलं?

१० जानेवारी

लघवीत थोडं रक्त. येणार म्हणालेच होते.

११ जानेवारी

दुपारपासून हुडहुडी. तीन गोधड्या घातल्या तरी खाट खडखडतेय. दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय — ताप आला तर तासभरही थांबू नका. वहिनी रिक्षा आणायला निघाली. मी दारात आडवा झालो. तिथं पुन्हा तोच प्रश्न, तोच भाचा! दोन झाकणं पाजली. अन्नय्या म्हणाला, "झुंज होऊ दे, मग जाऊ." वहिनी ओरडली, "माणूस आहे तो, कोंबडा नाही!" मी तिच्यावर हात उगारला. मारला नाही — पण उगारला.

१२ जानेवारी

ताप उतरला! बघा म्हणावं.

१४ जानेवारी

जिंकलो!! पायाला सुरी बांधून सोडला आणि आमच्या लाल डेग्या कोंबड्यानं कोटय्याच्या पांढऱ्याचं पोट पहिल्याच उडीत फाडलं. आतडी वाळूत. मी कोटय्याच्या तोंडावर थुंकलो. त्यानं माझा दात पाडला, मी त्याचं कानशील फोडलं. रक्त पुसत वळलो तर अन्नय्या कुंपणाला धरून खाली बसत होता. मग आडवाच झाला. अंग भट्टी, ओठ निळे. मला "बाबा" म्हणाला.

तसाच उचलून दवाखान्यात नेला.

१५ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, "रक्तात जंतू भिनलेत. इतके दिवस कुठं होतात? औषधं दाद देत नाहीत. हे काय घेत होते? आता तरी बोला!"

डोकंच फिरलं. सुई तुझी, ताप तुझा, आणि जाब मला विचारतोस? मुस्कटात भडकावली. चष्मा फुटला. मग लोखंडी स्टूल घातलं. त्यांनी हात मध्ये घातला — हाड मोडल्याचा आवाज आला. बरं वाटलं! खरं ते लिहितोय. बरं वाटलं.

१७ जानेवारी

काल पोलिसांनी तुडवलं. आज सोडलं, ते भावाची अवस्था बघून. डॉक्टर प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून अन्नय्यापाशीच उभे. वहिनीनं पदराखालून पिवळी बाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी लेबल वाचलं. "सुई घालण्याआधी मी दिलेली गोळी याच औषधाची होती. त्याच दिवशी सांगितलं असतंत, तर दुसरं दिलं असतं." माझ्यावर ओरडलेसुद्धा नाहीत. मी भिंतीवर डोकं आपटलं. कुणी धरायला आलं नाही.

१८ जानेवारी

अन्नय्या गेला.

कंपाउंडर स्मशानात आला होता. त्याचे पाय धरून म्हणालो, मामाला सांग, आमची बाटली ही होती. तो म्हणाला, "त्यात काय सांगायचं? मामाकडेही तीच आहे. सगळ्या गावाकडे तीच आहे."