विहीणबाईंचं गरम पाणी

भाजे, ता. ८ जानेवारी

तीर्थस्वरूप दाजींस, रखमाजीचा वाकून नमस्कार.

गेल्या रविवारी आमच्या घरी एक बादली गरम पाणी काय भावानं पडलं, ते आधी ऐका. टॉर्च आंधळी झाली, रेडिओ मुका झाला, शेजारच्या धोंडाबाईंचा चहा अर्धा उकळलेला असताना त्यांचं सिलिंडर उचलून आणावं लागलं, माझ्या अंगठ्याचं नख गेलं आणि पाऊण तास इभ्रत चव्हाट्यावर होती. आंघोळीसाठी गॅस म्हणाल तर जळला फक्त शेवटची सहा मिनिटं.

तुमच्या वडिवळ्याला धरणावरून वारा येतो, तेव्हा भागुताईचे गुडघे कसे आहेत ते कळवा. तुमचा खोकला थांबला का? (तंबाखूचं मी काही लिहीत नाही. पत्र ताईच तुम्हाला वाचून दाखवते, हे मला ठाऊक आहे.) फोनवर तुम्ही ‘बरं’ म्हणून ठेवून देता, म्हणून हा कागद.

तर आमच्या सत्यमनं तळेगावची आसावरी पसंत केली, हे तुमच्या कानावर आहेच. आपल्यातली नाही, म्हणून तुम्ही जे बोललात तेही माझ्या कानावर आहे. मुलीची आई इंदिराबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी निरोप धाडला, की मुलगी जिथं नांदणार तिथं मी एक रात्र राहून बघते, मग काय ते बोलू. म्हणजे परीक्षाच! शनिवारी संध्याकाळी बाई आल्या. जेवण त्यांना आवडलं. (लीलाबाईच्या हातची आमटी आवडली नाही असा माणूस मावळात नाही.) जेवणानंतर मी त्यांना घराची शिस्त सांगितली. आमच्याकडं नळ तासभर येतो. मी लहानपणी लेण्यांच्या पायथ्यापासून डोक्यावर हंडे आणलेत, त्यामुळं या घरात नळ दोऱ्याएवढा सोडायचा, वेताच्या छडीएवढा नाही. बाईंनी मान डोलावली. मला वाटलं, निम्मे मार्क इथंच पडले.

सकाळी अशी थंडी, की म्हशीसुद्धा गोठ्यातून बाहेर यायला तयार नव्हत्या. बाई आंघोळीला गेल्या. गॅसचा गिझर मी न्हाणीच्या बाहेर, पडवीच्या भिंतीवर लावलाय. (बंद न्हाणीत गॅस जळला तर माणूस झोपल्यासारखा जातो. तुमच्याकडं आत असेल तर आजच बाहेर काढा, हे मी हसण्यावारी लिहीत नाही.) आतून नळ सुटल्याचा बारीक आवाज आला. गिझर मात्र गप्प. ठिणगीची टकटक नाही, जाळाचा भपका नाही.

आता दाजी, माझे कान तुम्हाला माहीत आहेत. कामशेतला पाण्याच्या मोटारी धुण्यापासून सुरुवात केली, आज स्वतःचं रिवायंडिंगचं दुकान आहे, ते या दोन कानांवर. मोटार कण्हली की बेअरिंग, गुरगुरली की वाइंडिंग. पंचक्रोशीत कुठं काय बिघडलंय ते मला आधी ऐकू येतं. मी गिझरला कान लावला.

“आवो, कान लावून काय बसलाय? त्याला ताप आलाय व्हय?” लीलाबाई म्हणाली.

मी निदान केलं : ठिणगीचे सेल उतरले. टॉर्चमधले मोठे सेल काढून घातले, याच गिझरवरचा अंगणातला नळ पूर्ण सोडून पाहिला. टकटक, भक्क! निळा जाळ. नळ बंद केला आणि म्हणालो, “विहीणबाई, होऊ द्या!” आतून नळ सुटला. गिझर गप्प. रेडिओतले सेल घातले. माझ्या नळाला भक्क, त्यांच्या नळाला गप्प. मग गॅस संपत आलाय असं ठरवून धोंडाबाईंचं सिलिंडर आणलं (ते पायावर आलं, नख तिथंच गेलं). माझ्या नळाला पुन्हा भक्क, त्यांच्या नळाला पुन्हा गप्प. यंत्राला माणूस ओळखता येतं हे मला ठाऊक नव्हतं. लग्न मोडायचं यानंच ठरवलंय, असं वाटून माझे हातपाय गिझरातल्या पाण्याहून गार पडले.

“रखमाजीराव,” आतून आवाज आला, “मला घाई नाही. पण थंडी आहे.”

“आबा, राहू द्या, चुलीवर पातेलं ठेवतो,” सत्यम म्हणाला. मी त्याला गप्प केलं. पातेलं म्हणजे नापास!

शेवटी आतूनच विचारणा झाली. “तुम्ही बाहेर नळ किती सोडता हो?”

“पूर्ण. तपासायला पूर्णच सोडावा लागतो.”

“मी दोऱ्याएवढा सोडलाय. तुम्हीच काल सांगितलंत.”

मी गिझरवरचा कान काढला. पाण्याला जोर असला तरच गिझरच्या आतला रबरी पडदा सरकतो, मग ठिणगी, मग गॅस. दोऱ्याएवढ्या धारेला ते यंत्र नळ सुटला असंच धरत नाही. मी म्हणालो, “सोडा, छडीएवढा सोडा!” आणि भक्क झालं.

“लय शिस्त लावली बगा पाव्हनीला,” लीलाबाई पदराआड म्हणाली.

बाई बाहेर आल्या त्या लालबुंद आणि हसत. म्हणाल्या, सांगितलेलं पाळणारी माणसं दोन्हीकडं आहेत, मुलगी इथं सुखात राहील. दाजी, एका बादलीत मी सोयरीक जमवली! आम्ही सगळे खुशाल आहोत.

आपला,
रखमाजी

ता. क. : लग्न नोंदणी कचेरीत २२ तारखेला आहे. तीन साक्षीदार लागतात. एक लीलाबाई, एक आसावरीचे वडील माधवराव. तिसरी सही तुमची हवी. बोललात ते बोललात. तुम्ही आला नाहीत तर पोराच्या मनाला लागेल आणि माझ्याही. आधार कार्ड आणा.

ता. क. दुसरा : हे वाचून ताई विचारील, चार तारखेला जमलं आणि बावीसला लग्न कसं? कचेरीत महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते. पोरांनी ती अठरा डिसेंबरलाच दिली होती. इंदिराबाईंना माहीत होतं, लीलाबाईला माहीत होतं, धोंडाबाईंनाही माहीत होतं. मला काल कळलं.