वाडग्यातले बुडबुडे

पेर्दालाडा, सारदिनिया
९ फेब्रुवारी १९८७

चि. ग्रेकास दादाचे अनेक आशीर्वाद.

आलो गं घरी! न्यूमोनिया गेला, फुप्फुसं साफ आहेत, असं डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दोनदा सांगितलं. मग हा मेला श्वास पुरत का नाही? पाणवठ्यापासून घरापर्यंत तीनदा टेकतो. आ वासून कितीही हवा ओढली तरी कमीच पडते. तुझी रिमेदियावहिनी म्हणते, मी गप्प बसलो तरी घरभर ऐकू येतो.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. उत्सव समितीचा सिस्तो भेटायला आला, चार संत्री ठेवली आणि जाता जाता म्हणाला की यंदा सांता वित्तोरियाच्या मिरवणुकीत कॅसेट वाजवू, कर्ण्यावर. कॅसेट! मूर्ती खांद्यावर असेपर्यंत लाउनेद्दासचा सूर तुटायचा नाही, तुटला तर मूर्ती भुईवर टेकवायची, आणि आपल्या गावात ती कधीच टेकलेली नाही. बाबांच्या मागे एकेचाळीस वर्षं त्या बोरूच्या तीन नळ्या मी फुंकतोय. यंदा कॅसेट लागली तर पुढच्या वर्षी मला कोण बोलावणार? रिमेदियाने नळ्या पिठाच्या पेटीत घालून कुलूप लावलंय. मिरवणूक सतरा मेला आहे. तू तोरिनोच्या इस्पितळात दिवसभर लोकांना श्वास घ्यायला शिकवतेस, तिथे एखादं जालीम इंजेक्शन असेल तर धाड.

माया आहेच, पण पत्रही येऊ दे.
तुझा,
प्रियामोदादा


तोरिनो
१८ फेब्रुवारी १९८७

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

इंजेक्शन नाही, शहाण्या! तुझं पत्र वाचून मी इथे टेबलावर थाप मारली. रोग तूच लिहून पाठवलायस, 'आ वासून'! आजारात नाक चोंदलं, तू तोंडाने श्वास घ्यायला लागलास, आणि नाक मोकळं झालं तरी ती सवय काही सुटली नाही. आधीचा श्वास बाहेर पडायच्या आत दुसरा ओढतोस, आणि वर हवा पुरत नाही म्हणून बोंब मारतोस. तीन नळ्या तोंडात असताना नाकाने हवा घेणारा माणूस एरवी तोंड उघडं टाकून हिंडतो, याला काय म्हणावं?

तर ऐक. डॉक्टरांची औषधं चालूच ठेव, त्यात शहाणपणा नको, आणि श्वासाचा व्यायाम करू का हे त्यांना विचारूनच हे सुरू कर. दिवसभर तोंड बंद. श्वास नाकाने, हलका, पोटापर्यंत. सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ. आणि सकाळ-संध्याकाळ एका वाडग्यात पाणी घेऊन त्यात पोकळ काडीने फुंकून सावकाश बुडबुडे काढ. चक्कर आली तर थांब. घाई तर मुळीच नको. मी उत्सवाला रजा काढून येतेच आहे.

वहिनीला नमस्कार. रागावले तरी लोभ कमी नको.
तुझी,
ग्रेका


पेर्दालाडा
२ मार्च १९८७

चि. ग्रेकास आशीर्वाद.

अगं चोरटे! वाडग्यात पाणी आणि काडी? मी आणि रिमेदिया पोट धरधरून हसलो, मग मला ढास लागली, मग पुन्हा हसलो. अगं हा तर बाबांचा पहिला धडा! मी आठ वर्षांचा होतो, आणि ओटच्या काडीने बुडबुडे काढायचे, नाकाने हवा घ्यायची, पण बुडबुडा थांबला की डोक्यात टपली. आणि तोरिनोचं इस्पितळ तुला याचा पगार देतं? बाबांना कळलं असतं तर त्यांनी अख्ख्या गावाला दारू पाजली असती.

डॉक्टर हो म्हणाले. बाबांचा तो कपचा उडालेला वाडगा रिमेदियाने माळ्यावरून काढला. पहिल्या दिवशी सहा बुडबुड्यांत नाकी नऊ आले. काल सलग चार मिनिटं! पाणवठ्यावरून येताना एकदाच टेकलो, तेही सिस्तोला टोमणा मारायला. आठवतं, वाडगा भरून तूच आणायचीस? खाली ठेव आणि जा, असं बाबा म्हणायचे. मुलींना कुठे शिकवत होते तेव्हा!

लोभ वाढता ठेव, बुडबुडे मी वाढवतो.
प्रियामोदादा


पेर्दालाडा
२१ एप्रिल १९८७

सौ. ग्रेकावन्सं यांस रिमेदियाचा नमस्कार.

हे पत्र त्यांना न सांगता लिहितेय. तुमच्या उपायाने माणूस पालटला, खोटं कशाला बोलू? तोंड बंद ठेवायचं म्हणून दोन महिने ते मला उलट बोललेले नाहीत. अडतीस वर्षांच्या संसारात एवढी शांतता मी पाहिली नव्हती! दुपारी झोपले की घोरत नाहीत, मी दोनदा नाकाशी हात धरून पाहिला. मग पेटीचं कुलूपही काढलं. खुर्चीत बसून अर्धा तास वाजवतात, सूर जराही हलत नाही.

पण काल चालत वाजवून पाहायला गेले. मी लांबून मागे होते. पुलाच्या चढावर सूर तुटला. परत फिरले, पुन्हा तुटला. मग कठड्यावर बसून रडले हो, मोठा माणूस. घरी येऊन म्हणाले की कॅसेटच लावू दे. ते खांदेकऱ्यांच्या पावलाने चालायला बघतात, आणि त्या पोरांना वर चर्चमध्ये पोचून भाजलेलं डुक्कर खायची घाई असते. म्हातारी बोनारिया मावशी तर दर वर्षी पुलापाशीच मागे राहून घरी परतते. काहीतरी लिहा. तुमचं ते ऐकतात.

तुमचीच,
रिमेदिया


तोरिनो
२९ एप्रिल १९८७

ती. दादास शि. सा. न.

रजा नामंजूर झाली. मी येऊ शकत नाही, आणि त्याचा राग मी या पत्रावर काढणार आहे, तेव्हा नीट वाच.

बाबा जा म्हणायचे, पण मी गेले नव्हते. कोंबड्यांच्या खुराड्यामागे टोमॅटोच्या डब्यात पाणी घेऊन बसायचे आणि तुझ्याबरोबर काडी फुंकायचे. तुला टपली बसली की माझी मीच मारून घ्यायचे! तुझ्या आधी मला जमलं होतं, दादा. कुणाला सांगणार? नळ्या मला कुणी दिल्या नसत्या. मग मी या श्वासाच्या कामात शिरले, आणि वीस वर्षं लोकांना तेच शिकवतेय. तो धडा कुणाचा, हे आज पहिल्यांदा लिहितेय.

आता तुझी चूक. श्वास पावलांच्या मागे धावला की दमणारच. पावलांनी श्वासाच्या मागे यायचं असतं. मिरवणुकीत पुढे कोण असतं? वाजवणारा! मूर्ती तुझ्या मागे, सिस्तो मूर्तीच्या मागे, डुक्कर सर्वांत शेवटी. मग तू कुणाच्या घाईने चालतोस? दम लागायला लागला की हवा ओढू नकोस, आधी सोड, आणि चाल संथ कर.

आशीर्वाद असू दे, कॅसेट नको.
ग्रेका


पेर्दालाडा
१८ मे १९८७

चि. ग्रेकास दादाचे, वहिनीचे आणि सगळ्या गावाचे आशीर्वाद!

नाही तुटला! ग्रेका, सूर नाही तुटला!

पुलाच्या चढावर छाती भरून आली, तेव्हा तुझं पत्र आठवलं. ओढली नाही हवा, सोडली. चाल संथ केली. मागून सिस्तो कुजबुजला की प्रियामो, आटप, मांस करपेल. माझ्या तोंडात नळ्या, उत्तर कोण देणार? मी आणखी संथ झालो. खांदेकरी संथ झाले, पाद्रीबाबा संथ झाले, अख्खं गाव माझ्या नाकाच्या तालावर चालायला लागलं! वीस मिनिटांची वाट, पस्तीस लागली. मांस खरंच करपलं, सिस्तो अजून बोलत नाही.

आणि टेकडीवर पोचून वळून बघतो तर बोनारिया मावशी! अकरा वर्षांत पहिल्यांदा वरपर्यंत आली. सगळ्यांना सांगत होती की यंदा कुणीतरी माणसाच्या पावलाने चालवलं. मला रडू आलं, पण तोंड बंद ठेवून रडलो, तुझी आज्ञा म्हणून.

संध्याकाळी घरी येऊन वाडगा हातात घेतला आणि ते खुराडं डोळ्यांसमोर आलं. मला एकदाही कळलं नाही गं. बाबांना वाटलं ते एकालाच शिकवतायत.

सोबत पार्सल आहे, जपून उघड. वाडगा आहे, आणि मी नवीन कापलेल्या तीन नळ्या, तुझ्या बोटांच्या मापाच्या. लहानपणी त्यात पाणी भरलंस तू आणि फुंकलं मी. पुढच्या मेमध्ये रजा आधीच काढून ठेव. गावातून पुलापर्यंत मी वाजवीन, पुढचा चढ तुझा.

तुझा,
प्रियामोदादा