घर रिकामे, असे मास्तरांचे म्हणणे

तीर्थरूप वन्संना,
धाकट्या भावजयीचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. गुडघा कसा आहे, रक्तदाब कुठवर उतरला आणि मीठ खरंच सोडलंत की नुसतं मला सांगताय, हे सविस्तर कळवावं. (आयुष्यभर इस्पितळात दुसऱ्यांना अळणी जेवायला लावलंत, आता तुमची पाळी आली, याचा मला आनंद झालाय असं समजू नका. थोडा झालाय.) इकडे मी खुशाल आहे. पूर्वी ‘इकडे सर्व खुशाल’ असं लिहायची सवय होती, पण आता सर्व म्हणजे मीच, तेव्हा एकवचनात लिहिलेलं बरं.

घर बंद करून माझ्याकडे कायमची कधी येतेस, असं तुम्ही विचारलंत. उत्तराला उशीर झाला, कारण मी सध्या जनगणनेच्या कामावर आहे. हसू नका. शिक्षक कमी पडले म्हणून कचेरीनं लिहितावाचता येणारी, चार जिने चढू शकणारी माणसं मागितली आणि वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंनी माझं नाव देऊन टाकलं. मी म्हटलं, अहो, माझी शाळा अर्ध्यावर सुटलेली, मी वाचायला शिकले ती नवऱ्यानं रंगवून वाळत ठेवलेल्या दुकानांच्या पाट्यांवर. त्या म्हणाल्या, मग उत्तमच, तुम्हाला मोठ्या अक्षरांची सवय आहे. तर रस्त्यापलीकडच्या सगळ्या गल्ल्या माझ्याकडे आल्या. आपली स्वतःची गल्ली कोणालाच देत नाहीत, ओळखीपाळखीत चुकीचं लिहिलं जातं म्हणून. आपल्या गल्लीला गणिताचे एक मास्तर नेमलेत. हे मास्तर लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहेत.

आम्हाला एक सूचनांचं पुस्तक मिळालं. बाकीच्यांनी ते पिशवीत घातलं, मी घरी आणून कादंबरीसारखं वाचून काढलं आणि तिथेच फसले. वन्सं, इतकी वर्षं मी पुस्तकं वाचते आहे, पण घर म्हणजे काय हे इतक्या निर्विकारपणे सांगणारं पुस्तक मी पाहिलं नव्हतं. वेगळं दार असलं की वेगळं घर. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, मग नात्याचे असोत वा नसोत. प्रेम, भांडण, कोण कोणाशी बोलत नाही, याला त्यात रकानाच नाही. मला फार कुतूहल वाटलं. म्हटलं, चला, आता लोकांच्या घरात बिनदिक्कत शिरून बघता येईल. (खिडकीतून बघण्यावरून तुम्ही मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बोलला होतात. आता सरकारी बिल्ला लावून बघते.)

पहिलं काम दारावर घराचा क्रमांक घालायचं. त्यासाठी मिळालेला मार्कर दुसऱ्या गल्लीतच कोरडा पडला. मग मी घरी येऊन तुमच्या भावाचा ब्रश काढला. त्यांनी धुऊन, केस सरळ करून, कागदात गुंडाळून ठेवलेला तो बारीक ब्रश. निळा रंग डब्यात तळाला होता, त्यात थोडं टर्पेंटाइन घातलं. हे म्हणायचे, पाचाचं पोट जमलं की बाकीचे आकडे आपोआप जमतात. माझं पोट काही जमेना. पण तिसऱ्या-चौथ्या दारापर्यंत हात बसला आणि मग मात्र मी लोकांना मोजायचं विसरून आकड्यांतच रमले. त्यात एका घरचा आठ जाड आला आणि शेजारचा बारीक, तर शेजारीण म्हणाली, “त्यांच्या दाराला भरपूर रंग आणि आमच्या दाराला काटकसर का हो?” एका पेन्शनरांना लाल रंग हवा होता. आणि न्हाव्यानं, ब्रश हातात आहेच तर खाली ‘दुपारी बंद’ एवढं लिहून द्या म्हणून गळ घातली. मला भीड पडली, दिलं लिहून. झालं असं की आमचे तपासनीस साहेब (यांना मी छत्रीवाले म्हणते, कारण ऊन नसो, पाऊस नसो, छत्री असतेच) फेरीला आले आणि त्या दारापुढे बराच वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, “बाई, हे घर दुपारी बंद असतं अशी नोंद तुम्ही भिंतीवर का केलीत?” मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, “आपण मोजायला आलो आहोत, रंगवायला नाही.” पण जाताना त्यांनी पाचावरून हलकेच बोट फिरवलं आणि कोणाकडे शिकलात, असं विचारलं. मी म्हटलं, घरीच.

पुढचा घोळ चुलीचा. एका घरी दोन भाऊ, दोन जावा आणि सासू. मी पुस्तकातला प्रश्न विचारला, चुली किती? थोरली म्हणाली एक. धाकटी म्हणाली दोन. दोघी एकाच वेळी बोलल्या आणि मग दोघींनी एकाच वेळी सासूकडे बघितलं. सासूबाई खाटेवरून शांतपणे म्हणाल्या, “काल सकाळपर्यंत एक होती. काल दोन झाल्या. उद्यापर्यंत एक व्हायला हरकत नाही. तुम्ही शिसपेन्सिलीनं लिहा.” मी म्हटलं, मला बघू तर द्या. आत गेले तर ओट्यावर एकच शेगडी, तिला दोन तोंडं, आणि मधोमध ओट्यावर खडूची रेघ. रेघेच्या या बाजूला थोरलीचा भात, त्या बाजूला धाकटीचा चहा. आता पुस्तकात चुलीबद्दल आहे, पण अर्ध्या चुलीबद्दल अवाक्षर नाही. मी स्टुलावर बसले आणि बघत राहिले. (तसं बसायची गरज नव्हती, हे मान्य.) चहा उकळला, धाकटीनं तो गाळला आणि सवयीनं सगळ्यांचे कप भरले. भांडण होतं भाताचं, चहाचा कोणी विचारच केला नव्हता. मी म्हटलं, चहा एकत्र आहे तोवर कुटुंब एक. आणि तसं लिहून बाहेर पडले.

धाकटी मागोमाग जिन्यापर्यंत आली. हळूच म्हणाली, “मावशी, दोन लिहा ना. खरंच वेगळं व्हायचं कधी जमेल कोण जाणे, कुठेतरी लिहिलेलं तरी राहील.” मला तिचा राग आला नाही. मी म्हटलं, बाळ, तुझा चहा वेगळा झाला की हाक मार, येऊन खोडेन. दोन दिवसांनी तिनं खरंच हाक मारली. चहा वेगळा केला होता. मी जाऊन बघते तर थोरला दीर तिथे बसून तो वेगळा चहा पीत होता आणि साखर कमी आहे म्हणून सांगत होता. धाकटीनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं. काही न खोडता परत आले.

तर अशी मी दिवसभर लोकांची घरं मोजत असताना, वन्सं, आपल्या घराचं काय झालं ते ऐका. आठवड्याच्या बैठकीत छत्रीवाले साहेब रिकाम्या घरांची यादी वाचून दाखवतात, कोणाला काही शंका असेल तर सांगावी म्हणून. मी मान खाली घालून माझे आकडे जुळवत होते. साहेब वाचत होते, शेवटची गल्ली, शिंपीणबाईंच्या वरचा मजला, घर रिकामे. मी मनात म्हटलं, अरेरे, चांगली जागा आहे, वारा येतो. मग साहेब म्हणाले, निळं दार, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हात वर केला आणि म्हटलं, त्या घरात मी राहते.

गणिताचे मास्तर उठून उभे राहिले. स्वभावानं गरीब, पण नियमाला पक्के. म्हणाले, “मी अनेकदा गेलो. दरवेळी कुलूप. खाली चौकशी केली, शेजाऱ्यांनी कोणी राहत नसल्याचं सांगितलं. नियमाप्रमाणे रिकामं.” मी म्हटलं, अहो, मी तुमच्यासमोर बसले आहे. ते म्हणाले, “आपण इथे बसला आहात, हे मला दिसतंय. पण घरात बसला नव्हता.” मी म्हटलं, मी तुमच्यासारखीच लोकांना मोजत हिंडत होते. ते म्हणाले, “ते बरोबर आहे, पण माझ्या दृष्टीनं ते दुसऱ्या गल्लीत घडलं.” सगळी बैठक हसली. साहेबांनी पुस्तक काढलं, पुढे चाळलं, मागे चाळलं. शेवटी म्हणाले, बाई घरी हजर असतील तेव्हा मास्तरांनी जाऊन मोजावं, आणि हे मुदतीच्या आत व्हावं, नाहीतर नोंद आहे तशीच पक्की होईल.

मीही हसले. पण घरी येताना शिंपीणबाईंच्या दारात थांबले आणि विचारलं, काय हो, वर कोणी राहत नाही म्हणून सांगितलंत? त्या मशीनवरून उठल्यासुद्धा नाहीत. दोरा दातानं तोडून म्हणाल्या, “तसं नाही म्हटलं. मास्तर म्हणाले, वर आवाज नाही. मी म्हटलं, आता नसतोच. ते होते तोवर रंगवताना गुणगुणायचे, पाट्या सरकवायचे, माझ्या डोक्यावर सारखी गाडी चालल्यासारखं. आता कोणी आहे असं वाटतच नाही.” आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तू जरा पाय वाजवत जा की.”

तुमचं ‘घर बंद करून ये’ हे पत्र त्याच दिवशी आलं. म्हणजे एकाच दिवशी तुम्ही, मास्तर आणि शिंपीणबाई, तिघांचं माझ्या घराबद्दल एकमत झालं होतं. मी दार उघडून आत गेले, ब्रश धुतला, चहा टाकला. आणि उगाच खुर्ची इकडून तिकडे सरकवली. खालून मशीन थांबल्याचा आवाज आला. शिंपीणबाईंनी ऐकलं असणार.

रविवारी मी अंघोळ करून, बिल्ला न लावता, घरात बसून राहिले. मास्तर आले. मी लोकांना विचारते तेच प्रश्न ते मला त्याच क्रमानं विचारू लागले. जमीन कशाची, भिंत कशाची, खोल्या किती. मी म्हटलं दोन. दुसऱ्या खोलीत डोकावून ते थबकले. तिथे ह्यांच्या न नेलेल्या पाट्या आहेत, तुम्हाला माहीत आहेच. रंगवून घ्यायचे आणि दुकानच निघायचं नाही, असे कितीतरी लोक. मास्तरांनी ‘शुद्ध दूध’, ‘पादत्राणे बाहेर ठेवावीत’, ‘आत दातांचे डॉक्टर’ असं सगळं मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, यातलं इथे नक्की काय चालतं? मी म्हटलं, काहीच नाही, पण अक्षर बघा. त्यांनी बघितलं. मग पुन्हा कागदाकडे वळून म्हणाले, कुटुंबप्रमुख कोण?

वन्सं, हा प्रश्न मी शेकडो दारांत विचारला. लोक कसे घुटमळतात, कोण कोणाकडे बघतं, याची मला मोठी मौज वाटायची. आणि इथे मीच दुसऱ्या खोलीतल्या पाट्यांकडे बघू लागले. मास्तरांनी घाई केली नाही. त्यांनी पाणी मागितलं, सावकाश प्यायले, पेला खाली ठेवला. मी म्हटलं, मी. त्यांनी लिहिलं. नंतर माणसं किती विचारलं आणि माझ्याकडे न बघताच एक लिहिलं. दारावर मात्र त्यांनी त्यांच्या मार्करनं असा वाकडा आकडा काढला होता की तुमचे भाऊ असते तर दारच बदललं असतं.

तर वन्सं, मी आता सरकारी हिशेबात आहे. घर रिकामं नाही. तेव्हा ते बंद करता येणार नाही, एवढंच तुमच्या पत्राचं उत्तर समजावं. तुमच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पायाला तेल लावत जा आणि औषधं वेळेवर घ्या.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. मास्तरांचा आकडा मी खरवडून काढला आणि ब्रशनं नीट काढला. आपल्या घराच्या क्रमांकात पाच आहे. पोट जमलं.

ता. क. वर एक गोष्ट लिहायची राहिली, किंवा लिहिली नाही. मास्तर निघताना म्हणाले, ही दुसरी खोली वापरात नाही, असं लिहू का? आणि मी विचार करायच्या आत बोलून गेले की नाही, तिथे माझ्या वन्सं राहायला येणार आहेत. ते म्हणाले, मग त्या आल्या की कळवा, मुदत संपायच्या आत आल्या तर इथेच मोजतो. मी खोटं बोलले आहे. ते तेवढं तुम्ही निस्तरा. तिकडे तरी तुम्हाला कोण आहे, मोजून सांगा.

ता. क. पाट्या भिंतीला लावून खाट टाकली आहे. ‘आत दातांचे डॉक्टर’ तेवढी उशाशी येते, तिला इलाज नाही. जिना आहे, पण कठडा भक्कम आहे, आणि गुडघ्यासाठी मधल्या वळणावर मी स्टूल ठेवलं आहे. येताना पाय वाजवत या, शिंपीणबाईंना बरं वाटेल.

ता. क. तुमची अळणी भाजी तुम्ही खुशाल वेगळी शिजवा, मी माझी मिठाची शिजवेन. पण मास्तर आले आणि चुली किती म्हणाले तर एकच सांगा. चहा मी दोघींचा टाकीन.