शाळेपुढचा ब्रेकर

बाई, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण सौंसरच्या आपल्या शाळेपुढच्या रस्त्याचं तुम्हालाच सांगावंसं वाटलं. शाळा सुटली की तुम्ही पदर खोचून मधोमध उभ्या राहायच्या आणि संत्र्यांचे ट्रक नुसता हात दाखवून थांबवायच्या. एकदा मी तुमच्याकडे न बघता पळाले. ट्रक करकचून थांबला. तुम्ही वेणी धरून मला मागे ओढलंत. "कावून पळून राहिली वं? घरी माय वाट पाहून राहिली ना!" पाठीत धपाटा बसला, मग तोच हात पाठीवर तसाच राहिला. धपाट्यानं नाही, त्या हातानं मला रडू आलं.

आता मी इथल्या नगरपालिकेत इंजिनीअर आहे. तो रस्ता सिमेंटचा झाला आणि गाड्या सुसाट सुटल्या. मागच्या हिवाळ्यात दुसरीतल्या एका मुलीला मोटरसायकलनं उडवलं, पाय मोडला. चिडलेल्या लोकांनी त्याच दुपारी स्वतःच सिमेंट ओतून उंचच उंच ब्रेकर घातला. काही दिवसांनी त्यावरूनच एक गरोदर बाई स्कूटरवरून पडली. देवाची कृपा, बाळ-बाळंतीण आज सुखरूप आहेत. पण माझ्या टेबलापुढे भांडण जुंपलं. अर्धे म्हणत, "तोडा तो!" अर्धे म्हणत, "तोडला तं आमी रस्त्यावर बसतो." त्या मुलीचा बाप मागे उभा होता. एवढंच म्हणाला, "मॅडम, माही पोरगी रस्ता दिसला का रडते."

मी तो ब्रेकर तोडला आणि रुंद, हळूच चढून हळूच उतरणारा घातला. वर पांढरे पट्टे मारले, दोन्ही बाजूंनी फुटपाथ पुढे घेऊन रस्ता अरुंद केला. समोरचा हॉटेलवाला महिनाभर कुरकुरला, "गिऱ्हाईकाच्या गाड्या का डोक्यावर ठेवू?" मीही धास्तावलेली होते. मग एका दुपारी ती मुलगी बापाचं बोट धरून कडेला आली. समोरून टेम्पो येत होता. तो आपसूक हळू झाला, थांबला. "जा वं माय, जा," ड्रायव्हर म्हणाला. बापानं बोट सोडलं. ती जरा लंगडत, पण न पळता पलीकडे गेली.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? राहू देते माझ्याचजवळ. एक मात्र सांगते, बाई. अजूनही शाळा सुटायच्या वेळी मी तिथं जाते. ऑफिसात म्हणते, तपासणी आहे. तपासायचं तिथं काही उरलेलं नाही.