पक्कडवाले उमेदवार

ति. दादास,

धाकटीचा नमस्कार. वहिनीची कंबर आता कशी आहे? तुझा रक्तदाब ताळ्यावर असेल तर पुढे वाच, नसेल तर आधी गोळी घे. हे चौथ्यांदा आमदारकीला उभे राहताहेत.

पहिल्या खेपेला अपक्ष होते, म्हणून चिन्ह निवडायचं होतं. यादीत छत्री होती, शिट्टी होती, बिचारा पंखा होता. यांनी पक्कड घेतली. का, तर दातांचा डॉक्टर म्हणून लोक चटकन ओळखतील. ओळखलं की! चौकाचौकात हे बत्तिशी दाखवत, पक्कड उगारून उभे, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'एकदा संधी द्या'. दाढ ठणकणारी माणसंसुद्धा गाल बांधून घरी बसली. दुसऱ्या खेपेला मी हातापाया पडले तेव्हा शिडी घेतली, पण घोषणा स्वतःची, 'भ्रष्टाचार मुळासकट उपटू'. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी दोन्ही हातांनी जबडा धरलेला मी या डोळ्यांनी पाहिला. तिसऱ्या खेपेचं विचारू नकोस. तेव्हाही डिपॉझिट गेलंच.

तुला वाटेल, इतक्यांदा तोंडावर आपटून माणसाला कळत कसं नाही? अरे, दोष धंद्याचा आहे. गेली कित्येक वर्षं यांच्यासमोर येणारा प्रत्येक जण आ वासून आडवा पडलेला असतो. हे त्याच्या तोंडात आरसा घालून विचारतात, "यंदा आपणच ना?" तो म्हणतो, "आं." झाला पाठिंबा. (शेजारचा शिंपी दोनदा "आं आं" म्हणाला, तर त्याच्या बायकोचंही मत यांनी धरलं. त्याची नस दुखावली होती, आणि तो विरोधकाचा पोलिंग एजंट होता.) मी एकदा स्पष्टच म्हटलं, लोकांना तुम्ही नको आहात. तर म्हणतात, "तुझ्या तोंडात कापूस नाही ना, म्हणून सुचतं हे."

यंदा यांना तुझ्या पक्षाचं तिकीट हवंय. दादा, पक्षात तुझ्या शब्दाला वजन आहे, यांना ते तिकीट मिळू देऊ नकोस. नंबर लावण्यापासून हत्यारं उकळण्यापर्यंत हा दवाखाना मी उभा केलाय. तो डोळ्यांदेखत बुडताना मला बघवत नाही.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. लेक दातांचंच शिकून आली, आता तीही दवाखान्यात बसते. गेला आठवडाभर हे तिकिटासाठी बाहेरगावी होते. बाकावर बसायला जागा नव्हती. शिंपीसुद्धा बायकोला घेऊन आला, आणि जाताना हळूच विचारून गेला, "साहेब परत कधी येणार?" म्हणजे त्या दिवशी यायला नको.

ता. ता. क. मी रात्रभर विचार केला. वरचं सगळं विसर. यांना तिकीट दे, आणि नुसतं तिकीट देऊन थांबू नकोस, काहीही करून निवडून आण. पडले की हे दुसऱ्या दिवशी सकाळी ॲप्रन चढवून हजर असतात. राज्य मोठं आहे, ते सोसेल. आमचा दवाखाना एवढासा आहे रे.